खापर आणि बाखर

फेब्रुवारी सरत आला की या देशातली नांगरलेली शेतं उघडीवाघडी दिसू लागतात. बटाटे-कांदे लावायला अजून महिनाभर असतो. थंडीने ढेकळं फुटलेली असतात आणि पावसाने मातीचं तोंड धुतलेलं असतं. आगगाडीतले बाकीचे लोक खिडकीतून आभाळ बघतात, आणि इथलं आभाळ बघण्यासारखं असतं यात वाद नाही. मी मात्र खाली बघते. ढेकळांत काही लालसर-काळसर दिसलं की मान आपोआप वळते. विटेचा तुकडा असणार हे कळत असतं, तरी वळते. २०२१ च्या हंगामाने लावलेली ही खोड आहे. ती सुटावी असं मला खरंच वाटतं का, याचीही मला खात्री नाही.

शंका घेणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याने 'झालंय' म्हणून सांगितलेलं झालेलं नाही, हे शोधून काढायचं हे माझं काम. पण साथीच्या त्या दोन वर्षांत अख्खं जगच माझ्या धंद्यात उतरलं होतं. सुपरमार्केटच्या ट्रॉलीचा दांडा, शेजारणीचा खोकला, माझ्या मुलीच्या, इराच्या, शाळेतून आलेली मेल, कशावरच विश्वास नव्हता. पुण्याहून निशांत, माझा धाकटा भाऊ, फोनवर म्हणायचा, "आई एकदम मजेत!" तो ते इतक्या पटकन म्हणायचा की पुढचं काही खरंच वाटायचं नाही. व्हिडिओ कॉलवर आई नेहमी त्याच कपाटासमोर बसलेली. स्वयंपाकघर का दाखवत नाहीत? चार पावलं चालून का दाखवत नाही ती? मंदार, माझा नवरा, म्हणायचा, "अगं, एव्हरीथिंग इज नॉट अ बग." त्याला नेहमी सगळं ठीकच वाटतं, आणि मला त्याचाही संशय येतो.

अशा दिवसांत फोरबर्ग या आमच्या डच गावातल्या वाचनालयाच्या पत्रकात एक निवेदन दिसलं. नैर्ऋत्येकडच्या एका छोट्या बेटावर प्राचीन वस्तीची पाहणी चालू होणार होती, स्वयंसेवक हवे होते. बेटाचं नाव इथे लिहीत नाही. धातू शोधायची यंत्रं घेऊन परक्या शेतात घुसणारे लोक असतात. त्यांना मराठी येत नसेल, पण भाषांतराची ॲप्स सगळ्यांकडे आहेत. नाव वाचलं आणि मी लगेच कळवून टाकलं, कारण ते बेट माझ्या ओळखीचं होतं. साथ येण्याच्या आदल्या महिन्यात, आईला परतीच्या विमानात बसवण्याआधीच्या रविवारी, आम्ही तिला तिथे समुद्र दाखवायला नेलं होतं. त्यानंतर तिला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. तिची पावलं जिथे पडली ती जमीन, म्हणून गेले. पुरातत्त्व वगैरे नंतर.

बेट आता नावापुरतं. बांध घालून त्यावरून रस्ता नेलाय, गाडी थेट जाते. पण मातीचा स्वभाव अजून बेटाचाच. पाहणीची प्रमुख मारीके, तिशीची, गाल कायम वाऱ्याने लाल झालेले. पहिल्याच दिवशी तिने हाताने फिरवायचं लांबलचक गिरमिट जमिनीत घातलं आणि मातीची कांडी बाहेर काढून पन्हळीत आडवी ठेवली. वर करडी चिकणमाती, खाली वाळू. "इथून खाडीचा फाटा वाहायचा," ती म्हणाली. आम्ही उभे होतो ती जागा तर आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच होती! पाणी वाहायचं ती जागा उंच कशी? तर फाटा वाळूने आणि गाळाने भरून गेला, भोवतालची दलदल सुकून खचत गेली, आणि पाण्याची जागा उंचवटा होऊन बसली. त्याच उंचवट्यांवर पुढे माणसांनी घरं बांधली, रोमन काळात आणि परत मध्ययुगात. म्हणजे इथे डोळ्यांना दिसतं त्यावर विसंबायचं नाही, हे शास्त्रानेच पहिल्या दिवशी सांगून टाकलं. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

काम साधं. शेतात पाच-पाच मीटरवर काठ्या रोवायच्या, आपापल्या पट्ट्यातून सावकाश चालायचं आणि माणसाच्या हातचं जे काही दिसेल ते उचलून पिशवीत घालायचं. पिशवीत एक कार्ड: शेत, पट्टा, कुणाला सापडलं, शेरा. साथीतला दीड मीटर अंतराचा नियम आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती, या विद्येत माणसं आधीपासूनच लांब लांब चालतात. त्यात बाहेर दोघांहून जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही असा नियम आला, म्हणून एका शेतात दोघंच. तुम्ही काय उचललं आणि कुठून, याला साक्षीदार एकच. शनिवारी चालायचं, आणि आठवडाभरात घरून सगळ्यांच्या कार्डांचे फोटो बघून माहिती संगणकात भरायची, हे मी आपणहून अंगावर घेतलं. तक्ता माझाच. प्रत्येक रकान्यात ठरलेले पर्याय, दुसरं काही लिहिलं की रकाना लाल. चुकीला आत शिरायला फट ठेवलेली नाही, असं मी मारीकेला ऐटीत सांगितलं होतं.

माझ्या जोडीला आरी होते. आपल्याकडे आरी म्हणजे टोचायचं हत्यार, आणि त्यांची नजर तशीच होती. वय शहात्तर, जन्म बेटावरचा, सगळी नोकरी पाणी उपसायच्या पंपघरावर. बायको आदल्या वसंतात वृद्धाश्रमात वारली. शेवटचे आठवडे त्यांनी तिला खिडकीच्या काचेतून पाहिलं. हे त्यांनी एकदाच, चालता चालता, मान वर न करता सांगितलं. आणि म्हणाले, "शनिवारी इथे यायचं असतं, म्हणून बाकीचे वार कळतात."

सुरुवातीला मी कसलाही तुकडा दिसला की ओरडायचे. ते हातात घेऊन उलटासुलटा करायचे आणि माझा उत्साह पार उतरवायचे. "पूर्वी शहरातला केरकचरा होड्यांनी आणून इथे खत म्हणून पसरायचे. शहरातली फुटकी भांडी त्यात. इथे सापडलं म्हणजे इथलं, असं समजू नका." माझी डच मोडकी, म्हणून ते सावकाश बोलायचे. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? मी म्हटलं, खापर. त्यांना तो शब्द फार आवडला. त्यांचा ख असा घशाच्या तळातून यायचा की खापर आणखी जुनं वाटायचं. मग मी सांगितलं की आम्ही पणजोबांच्याही वडिलांना खापरपणजोबा म्हणतो, आणि एकाची चूक दुसऱ्यावर ढकलली की त्याच्या डोक्यावर खापर फोडलं असं म्हणतो. "डोक्यावर?" त्यांनी टोपी चाचपली आणि मोठ्याने हसले. त्या हंगामात मी त्यांना तेवढं एकदाच हसताना ऐकलं.

आणि तरीही मला त्यांचा संशय होता. त्यांच्या कोटाचे खिसे. सकाळी आले की सपाट, निघताना फुगलेले. चालता चालता मध्येच वाकायचे, काहीतरी उचलायचे, पण ते पिशवीत जायचं नाही, खिशात जायचं. घरी कपाटात जुन्या वस्तू मांडून ठेवणारे म्हातारे इथे गावोगावी असतात. मी काही विचारलं नाही. टेस्टर आधी विचारत नाही, आधी पुरावा जमवतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत बर्फ पडलं, कालवे गोठले, सगळा देश बर्फावर घसरत होता. ते वितळल्यावरच्या शनिवारी शेत धुऊन निघालं होतं. आरींचा पट्टा स्लोटच्या कडेने होता. स्लोट म्हणजे इथे दोन शेतांमध्ये असतो तो पाण्याचा चर. ते वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, मग माझ्याकडे पाठ करून कार्डावर काहीतरी लिहिलं. पाठ का केली? वारा होता, कागद उडत होता, हे मला आज सुचतं. तेव्हा मी मनात नोंद केली होती.

मारीकेचा आवाज बुधवारी फोनवर चिरकत होता. आरींच्या पिशवीतलं एक खापर: काळसर, पातळ, चाकावर घडवलेलं, काठाखाली बारीक खाच, मातीत चमचमणारे कण. असली माती या बेटावर नाही, आसपासही नाही. हे बाहेरून आलंय! छोट्याशा बेटावरच्या वस्तीचा दूरवर कुणाशी तरी व्यापार असेल, तर पाहणी आणखी एक वर्ष वाढणार होती. दोन आठवडे ती असंच बोलत होती. मग ज्या जाणकाराकडे तुकडा पाठवला होता त्याचं उत्तर आलं. तुकडा जुना नाही. कुणीतरी अलीकडे तिथे आणून टाकलेला दिसतो.

मारीकेने मला फोन केला. "आरींबरोबर तू होतीस. तुला काही वेगळं जाणवलं होतं का?"

मी म्हटलं, "खिसे."

जे पाहिलं होतं तेच सांगितलं, एक अक्षर जास्त नाही. पुढच्या शनिवारच्या यादीत आरींचं नाव नव्हतं. कारण कुणी बोललं नाही, पण बेट केवढं? पावाच्या दुकानापासून चर्चपर्यंत गोष्ट पोचायला एक सकाळ पुरते. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. माझी शंका बरोबर निघाली होती, आणि त्या दोन वर्षांत दुसरं काहीच बरोबर निघत नव्हतं.

पाडव्याला आईशी बोलताना गंमत म्हणून तिला त्या तुकड्याचा फोटो दाखवला. "बघ, इथल्या एका म्हाताऱ्याने शेतात नेऊन टाकलं. म्हणे दोन हजार वर्षांपूर्वीचं!"

आईने चष्मा लावला, फोन नाकाशी नेला. पडद्यावर नुसतं तिचं कपाळ.

"अगं, हे सुगड आहे."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच काय काय? काठाखाली दोऱ्याची खाच बघ. कसब्यातल्या त्या कुंभारणीकडचं आहे, ती अंगठ्याने असंच दाबते. मी पाच नव्हती का आणली संक्रांतीला, साड्यांत गुंडाळून? एक इरूने ठेवून घेतलं. चार आपण पाण्यात नाही का सोडली, त्या समुद्राच्या गावी?"

तो रविवार अख्खा समोर आला. रथसप्तमी होऊन गेलेली. पूजेची सुगडं कचऱ्याच्या डब्यात टाकायला आई तयार नव्हती, तिला वाहतं पाणी हवं होतं. समुद्राकडची वाट वाऱ्याने नकोशी केली होती. इरा तेव्हा दहा वर्षांची, नाक लाल झालेलं, "मामा, इक हेब हेत कोउट," म्हणजे आई, मला थंडी वाजतेय, असं म्हणत माझ्या कोटाला लोंबकळत होती. मी म्हटलं, हे बघ, इथे पाणी आहे. स्लोट. आईने काठावर उभं राहून विचारलं, "वाहतंय ना गं?" पाण्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या होत्या. मी म्हटलं, "हो, वाहतंय." तिने एकेक सुगड हात जोडून सोडलं. कामावर मी बटणाचा रंगसुद्धा तीनदा तपासते, आणि आईला मी न बघता सांगितलं होतं.

"आई," मी फोनवर म्हटलं, "ते पाणी वाहत नव्हतं."

"माहितीये मला. काडी टाकून बघितली होती मी. जागची हलली नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढी ठासून म्हणालीस. आणि इरू गारठली होती." मग तिला खोकला आला. मी लगेच विचारलं, तर म्हणाली, "धूळ आहे गं, कपाट आवरतेय." आठ दिवसांच्या तापातून ती तेव्हा नुकतीच उठली होती. निशांतने मला ते जूनमध्ये सांगितलं. मी त्याच्यावर ओरडले, पण फार वेळ ओरडता आलं नाही.

इराने तिचं सुगड आणून दिलं, त्यात तिचे खोडरबर होते. फोटोशेजारी ठेवलं. तीच खाच, तेच चमचमणारे कण. मंदार म्हणाला, "सोड ना आता. रिपोर्टमधून ते खापर काढलंय त्यांनी. कोणाला काय फरक पडतो?" आरींना पडतो, हे मला माहीत होतं. तरी मी दोन आठवडे गप्प बसले. आमचा नागरिकत्वाचा अर्ज खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पडून होता. पाण्यात वस्तू टाकणं हा गुन्हा ठरला तर? कुठे नोंद झाली तर? पुरातत्त्वाला खोटा पुरावा पुरवणारी परदेशी बाई! मी नियम शोधले, इंटरनेटवरचे मंच वाचले, सगळ्यांवर शंका घेतली. तिकडे एक म्हातारा माणूस वार विसरत बसला होता. याची मला लाज वाटते, आजही वाटते.

शेवटी मारीकेला फोन केला. ती म्हणाली, "थांब," आणि थोड्या वेळाने तिने मूळ कार्डाचा फोटो पाठवला, जो मी फेब्रुवारीत आधीच पाहिलेला होता. शेऱ्याच्या रकान्यात आरींच्या वाकड्या अक्षरात एकच शब्द, पुढे प्रश्नचिन्ह. तो शब्द मी तेव्हा इंग्रजी समजून वाचला होता. बॅगर. पिशवी भरणारा. मला वाटलं, पिशवी कुणी भरली असं विचारताहेत. त्यासाठी वेगळा रकाना आहेच की, म्हणून मी तो शब्द तक्त्यातून पुसला, आणि मारीके तक्ताच बघायची. पुसला नसता तर रकाना लाल झाला असता.

शब्द डच होता, आणि त्याचा उच्चार बाखर. बाखर म्हणजे चरातला उपसलेला गाळ. दर शरदात स्लोट साफ करतात, गाळ काठावर टाकतात, नांगर तो शेतात मिसळतो. जन्मभर पाणी उपसलेल्या माणसाने तुकडा हातात घेतला त्याच क्षणी त्याला शंका आली होती: हे मातीतलं नाही, चरातून वर आलंय. आणि त्याने ती प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. सगळ्या जगावर शंका घेणाऱ्या बाईच्या तक्त्यात शंकेला रकाना नव्हता.

मारीके म्हणाली, "मी आरींना फोन करते, मग सगळ्यांना मेल पाठवते." मी म्हटलं, "आधी मी जाते."

मे महिना लागला होता. शेतं हिरवी झाली होती, खाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आरींचं घर बांधाच्या पायथ्याशी. दाराशी एक बादली होती, काठोकाठ भरलेली: काचा, गंजलेली तार, पेंढ्याच्या गठ्ठ्यांची निळी दोरी. शेतात कुत्र्याच्या पायात जाऊ नये, गाईच्या पोटात जाऊ नये, म्हणून उचललेलं. त्यांच्या खिशांत हे असायचं.

त्यांनी दार उघडलं. आत या म्हणाले नाहीत, त्या दिवसांत कुणीच म्हणत नव्हतं. मी इराचं सुगड पायरीवर ठेवलं, दीड मीटर मागे सरकले आणि मोडक्या डचमध्ये सगळं सांगितलं. आई, संक्रांत, स्लोट, बाखर.

"मी लिहिलं होतं," ते म्हणाले. "प्रश्नचिन्हासकट."

"हो. मी पुसलं."

"पावाच्या दुकानातली बाई माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही आता."

इथे थांबता आलं असतं. मारीकेने त्यांना खिशांबद्दल माझं नाव सांगितलेलं नव्हतं, सांगणारही नव्हती. मी बादलीकडे बघितलं आणि म्हटलं, "खिशांचंही मीच सांगितलं."

ते हसले नाहीत. हात वर करून त्यांनी टोपी चाचपली. "डोक्यावर," ते म्हणाले, आणि मग, घशाच्या तळातून, "खापर."

"हो," मी म्हटलं. "माझं, तुमच्या डोक्यावर."

ते वाकले, सुगड उचललं, आत गेले. दार लोटलं. मी समजले की संपलं. गाडीकडे वळणार, तेवढ्यात ते पेन्सिल आणि पाहणीचं एक कोरं कार्ड घेऊन परत आले. चौकटीला टेकवून लिहू लागले. वस्तू काय, ते विचारलं. एकेक अक्षर सांगून मी सुगड लिहवून घेतलं. जागा: दाराची पायरी. कुणाला सापडलं, तिथे माझं नाव. मग शेरा. पेन्सिल त्या रकान्यावर थांबली. मी वाट बघत राहिले, जे काही लिहितील ते मला मान्य होतं.

त्यांनी तिथे एक आडवी रेघ ओढली. इथे कागदावर तशी रेघ म्हणजे लिहिण्यासारखं काही नाही. कार्ड सुगडात खोचून ते आत गेले. ते जाण्याआधी मी ती रेघ दीड मीटरवरून दोनदा पाहिली होती. रेघच होती.